आजच्या आज काढलेली दाढ

दाढ तुटली आहे आणि कुणीतरी तुम्हाला "आजच काढू, आजच स्क्रू बसवू" असं सांगितलंय, तर खुर्चीत बसायच्या आधी हे वाचा. एवढ्यासाठीच लिहितोय. क्लिनिकचं नाव, रस्ता काही लिहीत नाही, कारण तक्रार सुरू आहे.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सेटर आहे. वय ४७, राहायला पाथर्डी फाट्याजवळ. यंदा संक्रांतीला तिळाची वडी चावताना डाव्या बाजूच्या खालच्या मोठ्या दाढेचा कोपरा निघून जिभेवर आला. दातांचे डॉक्टर या दाढेला छत्तीस नंबर म्हणतात. सहा-सात वर्षांचे असताना येते आणि चावण्याचं बरंचसं काम आयुष्यभर तीच करते. तिचं आठ वर्षांपूर्वी रूट कॅनल झालं होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी कॅप बसवायला बजावलं होतं, पण मुलीची फी भरायची होती, म्हणून मी ते पुढे ढकललं. रूट कॅनल केलेली दाढ आतून पोखरलेली असते, वर कॅप नसेल तर ती तुटण्याचा धोका मोठा असतो. तिथपर्यंत चूक माझीच.

पुढच्याच रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत दंततपासणी शिबिर होतं. पेनाएवढा कॅमेरा तोंडात घालून त्यांनी माझी दाढ टीव्हीच्या पडद्यावर दाखवली. आपली तुटकी, काळी दाढ पपईएवढी मोठी दिसली की माणूस घाबरतोच. "सर, क्लिनिकला या, एक्स-रे फ्री आहे." २७ जानेवारीला माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळी साडेदहाला आम्ही दोघं गेलो.

डॉक्टरांनी जेमतेम चार मिनिटं पाहिलं. एक छोटा एक्स-रे काढला आणि म्हणाले, "मूळ उभं तडकलंय. ही दाढ वाचणार नाही." मग आम्हाला काचेच्या केबिनमध्ये बसवलं. तिथे ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर म्हणून एक मुलगी होती. ती डॉक्टर नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. तिने लॅपटॉपवर स्वित्झर्लंडच्या कंपनीचा इम्प्लांट, म्हणजे दाढेच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू दाखवला. लाइफटाइम गॅरंटी, आज दाढ काढली की त्याच खड्ड्यात आजच स्क्रू, दुसरं ऑपरेशन नाही. स्क्रू, खड्डा भरायची हाडाची पावडर, तिच्यावरचा पडदा सगळं धरून ६८ हजार, आणि शिबिराची सवलत फक्त त्याच दिवसापुरती. मी ब्रिजचं, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायच्या खोट्या दाताचं विचारलं. "सर, त्यात शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. करायचंय का तसं?" ब्रिजबद्दल तिने सांगितलं ते खरंच आहे. पण दाढ वाचवता येईल का, हा प्रश्न त्या केबिनमध्ये कुणी काढलाच नाही, आणि मलाही सुचला नाही.

बायको म्हणाली, "अहो, एकदा दुसरीकडे दाखवू या ना." त्यावर उत्तर आलं, "मॅडम, इन्फेक्शन पसरलं तर हाड विरघळेल, मग इम्प्लांटही बसणार नाही." मला ना ताप होता, ना सूज, ना ठणका. तरी मी मान हलवली.

पैशांचं त्याहून सोपं होतं. "हे कर्ज नाही सर, नुसती हप्त्यांची सोय. नो कॉस्ट." माझा फोन तिच्या हातात, आधार, पॅन, एक सेल्फी, तीन वेळा ओटीपी. दहा मिनिटांत १२ हप्ते ठरले. रात्री ई-मेलवर करार आला तो मी उघडलाच नाही. उघडला असता तर दिसलं असतं की ते एका फायनान्स कंपनीचं साधंसरळ वैयक्तिक कर्ज होतं. वर १,१८० रुपये प्रोसेसिंग फी होती, आणि पूर्ण रक्कम क्लिनिकच्या खात्यात तेव्हाच जमा झाली होती. म्हणजे त्यांचं काम आणि त्यांचे पैसे दोन्ही पहिल्याच दिवशी संपले. पुढे मी त्यांच्या लेखी कुणी नव्हतो. अशा ऑनलाइन कर्जाच्या करारात मुख्य माहितीचं पत्रक असतं आणि कर्ज मागे फिरवायची मुदतही लिहिलेली असते. ती मुदत माझ्या इनबॉक्समध्ये न वाचता संपली.

एक गोष्ट मात्र सवयीने केली. गाडीचा पार्ट बदलला की मी जुना पार्ट मागून घेतो. तशी दाढ मागून घेतली. दोन्ही मुळांसकट अख्खी निघाली होती. कापसात गुंडाळून घरी आणली आणि देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

तीन महिने थांबायचं होतं. ते योग्यच असतं. टायटॅनियम हाडाला धरतं, पण लगेच नाही. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क सशाच्या हाडावर प्रयोग करत होते, तेव्हा टायटॅनियमचं उपकरण हाडात इतकं घट्ट बसलं की काढता येईना. त्यातून हा शोध लागला आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असा स्क्रू बसवला. हाड त्याच्याभोवती वाढून त्याला जखडून टाकतं. वर कॅप बसवायची ती त्यानंतर. हे मी वाचलं मे महिन्यात, माझा स्क्रू जिभेने हलायला लागला तेव्हा.

मेमध्ये चार चकरा झाल्या. "इम्प्लांटवाले डॉक्टर व्हिजिटिंग असतात, पुढच्या मंगळवारी या." पुढच्या मंगळवारी वेगळेच डॉक्टर. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं की थोडं हलणं नॉर्मल आहे. नॉर्मल नसतं. स्क्रू धरला असेल तर तो अजिबात हलत नाही. कॅपचं विचारलं तर कळलं की ६८ हजारांत कॅप धरलेलीच नव्हती. ती १४ हजारांची वेगळी. कागदावर "इम्प्लांट पॅकेज" एवढेच दोन शब्द होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पंचवटीतल्या डेंटल कॉलेजला गेलो. सकाळी लवकर केस पेपर काढला, अर्धा दिवस बाकावर काढला. पण तिथल्या मॅडमनी सगळं नीट पाहिलं, माझी शुगर विचारली आणि मग म्हणाल्या, "इम्प्लांट कोणत्या कंपनीचा? साइज काय? कार्ड आणलंय?"

कार्ड म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप, लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. एक पेशंटच्या फाइलला लावतात, एक पेशंटला कार्डवर देतात. स्क्रूचं तोंड आणि तो फिरवायची चावी बहुतेक कंपनीगणिक वेगळी असते. नाव-माप माहीत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला त्यावर कॅप बसवणंही अवघड होतं. हे ऐकताना मला खुर्चीत घाम फुटला. आमच्या कंपनीत धातूचा साधा बार आला तरी हीट नंबर, म्हणजे तो कोणत्या ओतणीतला याची खूण, आणि टेस्ट सर्टिफिकेट नसेल तर मी तो मशीनला लावत नाही. आट्यांमधलं अंतर माहीत नसलेल्या थ्रेडवर नट चढवत नाही. हे माझं २४ वर्षांचं काम. आणि जबड्याच्या हाडात जायच्या स्क्रूचा एक कागद मी मागितला नव्हता.

क्लिनिककडे स्टिकर मागितला. "सिस्टीममध्ये आहे", "मॅडम सुट्टीवर आहेत" असं आठवडाभर चाललं. ११ जूनला व्हॉट्सअॅपवर स्टिकरचा फोटो आला. त्याच कंपनीचं नाव, माप ४.२ बाय १०, म्हणजे व्यास ४.२ आणि लांबी १० मिलिमीटर. मी खूश झालो. संध्याकाळी आमच्या क्यूसीतल्या, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागातल्या मित्राला दाखवला. त्याने फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं. स्टिकरवर कारखान्याचं छोटं चित्र असतं, त्याच्यापुढे बनवल्याची तारीख असते. वाळूच्या घड्याळाचं चित्र असतं, तिथे वापरायची शेवटची तारीख. कारखान्याच्या चित्रापुढे यंदाचा मार्च महिना होता. माझ्या तोंडात तो २७ जानेवारीला बसला होता.

२० जूनला कॉलेजमध्ये तो स्क्रू काढला. फार जोर लावावा लागला नाही. पिशवीत घालून मला दिला. मी व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन लावलं. लांबी ८, व्यास ३.८ च्या आसपास. स्टिकरवरच्या मापाचा तो नव्हताच. कुणाचा होता, हे मला आजही माहीत नाही.

इम्प्लांट सैल पडणं ही दर वेळी फसवणूक नसते, हे कॉलेजच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही पडतो. शुगर वाढलेली असेल, तंबाखू असेल, हाड कमी असेल तर धोका जास्त. माझी शुगर बॉर्डरच्या वर निघाली, आणि क्लिनिकमध्ये ती कुणी विचारलीही नव्हती. पण सैल पडण्याचं मला दुःख नाही. एक माल दाखवून दुसरा बसवला आणि नंतर भलत्याच पाकिटाचा फोटो पाठवला, याचं आहे. आणि त्याहून मोठं दुःख दाढेचं आहे.

ती ड्रॉवरमधली दाढ मी पुढच्या खेपेला घेऊन गेलो होतो. त्याआधी क्यूसीत तिला डाय पेनेट्रंट लावून पाहिलं होतं. ओतीव धातूतल्या केसासारख्या भेगा शोधायला आम्ही तो लाल रंग वापरतो. मुळांवर कुठेच रेघ उमटली नाही. मॅडमनी भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "काढलेला दात सुकला की आपोआप तडकू शकतो. म्हणून आज तडा दिसला असता तरी मी काही बोलले नसते. पण इथे तडा नाहीच." मूळ उभं तडकलं असेल तर दाढ बहुतेक वेळा काढावी लागते, ते खरं. पण तसा संशय आला की हिरडीच्या कडेने बारीक सळई घालून खोली मोजतात, एकाच ठिकाणी ती खोल जाते का ते बघतात. माझ्या दाढेला कुणी सळई लावली नव्हती. नुसत्या छोट्या एक्स-रेवर असा तडा बऱ्याचदा दिसतही नाही.

मग त्यांनी दाढेच्या उरलेल्या भिंतींवर नखाने रेघ दाखवली. हिरडीच्या वर साधारण दीड-दोन मिलिमीटर दात सगळीकडून शाबूत असेल तर आत पोस्ट म्हणजे आधाराची दांडी घालून, त्यावर गाभा बांधून कॅप धरते. माझ्या दाढेत तेवढा दात तीन बाजूंनी होता, चौथ्या बाजूला हिरडी थोडी खाली करून मिळवता आला असता. "मी आधी हाच प्रयत्न केला असता," एवढंच त्या म्हणाल्या. बायको शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही, तिने दाढ परत कापसात गुंडाळली.

तुमच्या बाबतीत दाढ खरंच जाणार असेल, तरी चार रस्ते असतात. काढता-घालता येणारा दात सगळ्यात स्वस्त, पण सवय लागायला वेळ घेतो. ब्रिज लवकर होतो, पण शेजारच्या दातांचं घासलेलं कवच पुन्हा उगवत नाही. शेजारच्या दातांना आधीच कॅप असेल तर मात्र ब्रिज शहाणपणाचा ठरू शकतो. इम्प्लांट शेजाऱ्यांना हात लावत नाही, महाग आहे आणि महिने खातो. काहीच न करणं हाही एक रस्ता आहे, पण वर्षानुवर्षं जागा रिकामी राहिली तर शेजारचे दात त्या बाजूला कलतात आणि वरची दाढ खाली उतरायला लागते. उतरायला महिने-वर्षं लागतात. एक आठवडा थांबून दुसऱ्या डॉक्टरला एक्स-रे दाखवल्याने काही उतरत नाही. सूज, ताप, पू असेल तर वेळ घालवू नका, पण तेव्हाही इन्फेक्शनवर इलाज आधी होतो, ६८ हजारांचं पॅकेज नाही.

एक्स-रेचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये घ्या. खर्चाच्या कागदावर स्क्रू, त्याच्या वरचा भाग आणि कॅप हे तीन वेगळे लिहून घ्या, कंपनीच्या नावासकट. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि स्टिकर त्याच दिवशी घ्या. नुसती कॅप बसवत असाल तरी झिरकोनियाच्या, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या सिरॅमिकच्या नावाखाली काही जण आतून धातूची कॅप देतात, म्हणून लॅबचं वॉरंटी कार्ड मागा आणि त्यावरचा नंबर तपासा. आणि फोन कुणाच्या हातात देऊन ओटीपी सांगू नका, समोरची मुलगी कितीही गोड बोलली तरी.

मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. क्लिनिकने तिथे "उपचार यशस्वी" असं उत्तर दिलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवलंय. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेलाही वेगळा अर्ज दिला. अर्जासोबत स्टिकरचा फोटो, व्हर्निअर लावलेल्या स्क्रूचा फोटो आणि व्हॉट्सअॅपचं सगळं बोलणं जोडलं. दाढ वकिलांनी जपून ठेवायला सांगितली आहे.

फायनान्स कंपनीला लिहिलं की उपचारच खोटा निघाला, हप्ते थांबवा. त्यांचं उत्तर आलं की कर्ज तुमच्या नावावर आहे, क्लिनिकशी तुमचा वाद तुम्ही बघा. हप्ता चुकवला तर सिबिल बिघडेल, आणि पुढच्या वर्षी मुलीचं शैक्षणिक कर्ज काढायचंय. म्हणून भरतोय.

खड्डा भरून यायला अजून वेळ आहे. ऑक्टोबरमध्ये स्कॅन करून मग ब्रिज की पुन्हा इम्प्लांट ते बघू, असं मॅडम म्हणाल्या. तोवर उजव्या बाजूने जेवतो. ५ ऑगस्टला सहावा हप्ता गेला.