धाब्याच्या खोलीतली पाकिटं: आमच्या तालुक्यातलं जिवाणूखताचं दुकान

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या बाजारात कृषी केंद्रं रग्गड आहेत. पण जिवाणूखत घ्यायचं असलं की मी बसस्टँडमागच्या त्या लहानशा दुकानातच जाते, ते माल ठेवायच्या जागेसाठी. पुढून दुकान सिमेंटचं, मागे मात्र जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या जाड सपाट छताचं घर तसंच ठेवलेलं आहे. रायझोबियम (मुळांवर गाठी करून पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारा जिवाणू), पीएसबी (मातीतला स्फुरद विरघळवणारा जिवाणू), ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी बुरशी), सगळं त्या मागच्या खोलीत फळ्यांवर. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हाही आत शिरलं की हायसं वाटतं. बाजारातल्या दुसऱ्या एका दुकानात हीच पाकिटं काचेमागे, उन्हाच्या तिरिपेत रचलेली पाहिली आहेत. कायद्याप्रमाणे भुकटीच्या पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात, पातळ औषधात मिलीलिटरमागे १० कोटी. कारखान्यातून निघताना असतीलही. टिनाखाली महिनाभर भाजल्यावर किती उरले, ते कोण मोजणार?

दुकानदार पोरगा कृषी पदवीधर आहे आणि गिऱ्हाइकाला परत पाठवायला लाजत नाही. मागच्या रब्बीत चन्यासाठी गेले, तर म्हणे, "वहिनी, हे सोयाबीनचं हाय, चन्याले नाही चालत. दोन दिसानं या." त्याच्या जागी दुसरा असता तर रायझोबियम ते रायझोबियम म्हणून पाकीट हातात टेकवून मोकळा झाला असता. सोयाबीनच्या मुळावर गाठी करणारा जिवाणू वेगळा, चन्याचा वेगळा. एकाचा दुसऱ्याच्या मुळात शिरकाव होत नाही, म्हणजे पैसे मातीत.

आता मालाबद्दल. २५० ग्रॅमचं पाकीट मला साठ रुपयांना पडलं, दहा किलो बियाण्याला पुरतं. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळायचा, पार थंड होऊ द्यायचा, त्यात भुकटी कालवून बियाण्याला हलक्या हातानं लावायची. सोयाबीनचं टरफल पातळ, जोरात चोळलं की उगवण गेली. बियाणं सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. हे सगळं तो पोरगा पाकीट देताना बोलून दाखवतो. पाकिटावरही आहे म्हणा, पण इतक्या बारीक अक्षरात की मामाजींचा चष्मा लावूनही मला वाचता आलं नाही.

फरक पडला का? सोयाबीनमध्ये मला तरी दिसला नाही. धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची काही तासं (ओळी) मुद्दाम बिनऔषधाची पेरली होती. तिथली झाडंही तेवढीच हिरवी, गाठीही तेवढ्याच. त्या वावरात वर्षानुवर्षं सोयाबीनच होतंय, त्याचा जिवाणू मातीत आधीच मुक्कामाला आहे. नव्या पाकिटानं त्यात कितीशी भर पडणार? चन्याची गोष्ट निराळी. तो यंदा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) जुन्या वावरात घेतला, जिथं माझ्या लग्नानंतर तरी चना पडलेला नाही. फुलं यायच्या आधी खुरपीनं मुळासकट झाडं काढली (उपटायची नाहीत, गाठी मातीतच तुटून राहतात) आणि बादलीत धुतली. पाकीट लावलेल्या झाडांना मुख्य मुळाशी जाड गाठींचे घोस. बिनऔषधाच्या झाडांना कुठं दोन, कुठं एकही नाही.

गाठी नुसत्या मोजून भागत नाही, नखानं फोडून पाहाव्या लागतात. आतून गुलाबी निघाली तर ती कामाची. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याचाच भाऊबंद तिथं असतो. तो ऑक्सिजन धरून ठेवतो, कारण हवेतला नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजननं निकामी होतं. पांढरी किंवा हिरवी गाठ म्हणजे नुसती जागा अडवून बसलेली. आणि वरून युरियाची बॅग ओतली की नत्र आयता मिळतो, मग झाड गाठींचे लाड करणं सोडतं. आमच्या शेजाऱ्यांना हे कोणी पटवून द्यावं!

ट्रायकोडर्मा मी तुरीसाठी घेते. शंभर किलो कुजलेल्या शेणखतात एक किलो मिसळून, गोठ्याच्या सावलीत ओलसर ठेवून, वरखाली करत पंधरा दिवसांनी वावरात. तुरीचं झाड उभं वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी धसकटांवर तीन-तीन वर्षं तग धरते, त्यामुळे एका हंगामात निकाल मागू नये. तूर यंदा कमी मेली, पण मी तिच्यात ज्वारीच्या ओळीही टाकल्या होत्या आणि ज्वारीमुळेही मर कमी होते. श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवता येत नाही. तरी पुढच्या वर्षी पुन्हा घेणार आहे.

दुकानाबद्दल तक्रारी आहेतच. उधारी अजिबात नाही. मिरगाचा पहिला पाऊस पडला की दोन दिवसांत पाकिटं संपतात, मग फोनही उचलत नाहीत. आणि एवढा शहाणा माणूस पुढच्या काउंटरवर "सर्व पिकांसाठी संजीवनी" छापाच्या रंगीत बाटल्या का ठेवतो, कळत नाही. त्यांच्यावर ना जिवाणूचं नाव, ना संख्या. विचारलं तर हसून म्हणतो, "लोक मागतात, वहिनी." मागू द्या की! मागच्या खोलीत जो खरेपणा आहे, तो पुढं का नाही?

चन्याची पाकिटं दसऱ्याच्या आसपास येतात. घेताना तयार केल्याची तारीख पाहा. भुकटीचं सहा महिन्यांवर गेलेलं घेऊ नका. कापडी पिशवी न्या आणि पाकीट मोटरसायकलच्या डिक्कीत टाकून बाजारभर फिरू नका. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.