खाडीकाठच्या घराचं बुकिंग आणि गेलेले २३,४०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो: २३,४०० रुपये. चार वेळा गेले आणि चारही वेळा पिन मीच टाकला. बायको म्हणाली, लिहू नकोस, लोक काय म्हणतील. पण ज्या पेजवरून मी हे बुकिंग केलं ते आजही चालू आहे, म्हणून लिहितोय.

विजयदुर्गच्या आत, वाघोटण खाडीच्या काठावर एक घर. अंगणाला लागून पाणी, चिप्पीची म्हणजे खारफुटीची झाडं, बांधून ठेवलेल्या दोन पिवळ्या कयाक. गर्दी नाही, डीजे नाही. मुलांना पक्षी दाखवायचे होते, आणि आईला तिची खाडी पुन्हा बघायची होती. तिचं माहेर त्याच काठावरचं, ते घर आता राहिलेलं नाही. १४ आणि १५ डिसेंबर २०२४, शनिवार-रविवार, दत्तजयंतीला जोडून. आम्ही सहाजण. दोन खोल्या, जेवण, कयाक आणि पक्षी दाखवणारा माणूस मिळून १८,४०० ठरले. निम्मे, म्हणजे ९,२०० आगाऊ दिले. आगाऊ पैसे सगळेच मागतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

चूक त्यानंतर झाली. मी पेजवाल्याला विचारलं, कयाक किती वाजता? उत्तर आलं: ‘१५ तारखेला पौर्णिमा आहे दादा. सकाळी ६ ला फुल भरती, पायरीवरून कयाक सोडतो. आदल्या रात्री पाणी निळं चमकताना दाखवतो.’ मी तो मेसेज आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, ‘पुनवेक सकाळी खाडयेत पाणी खंय असता? चिखल असता.’

मी तिला म्हणालो, ‘आई, तो तिथलाच आहे, त्याला माहीत नसेल का?’

हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. कोकण किनाऱ्यावर भरतीचा हिशोब पोरासोरांना येतो. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ हाताशी येते. पौर्णिमेचे पंधरा धरले तर सव्वाअकरा. म्हणजे त्याआधी सहा तास, पहाटे पाचच्या सुमाराला, खाडी तळाला गेलेली असते आणि सहाला पाणी जेमतेम चढू लागलेलं असतं. आणि निळं चमकणारं पाणी बघायला लोक काळोखी रात्र शोधतात, अवसेच्या आसपासची. पुनवेच्या चांदण्यात ते दिसायचं कसं? खाडीकाठी घर असलेला माणूस या दोन चुका एका मेसेजमध्ये करणार नाही. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. मी आजोळी त्याच चिखलात खेकडे पकडलेत. तरी मी आईचं ऐकलं नाही आणि फोनवरच्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवला.

मग ५,००० डिपॉझिट, ‘परत मिळणारं’. मग कांदळवनात जायचा परवाना म्हणून माणशी ३५०, सहा जणांचे २,१००. पावती मागितली तर ‘साहेब सुट्टीवर आहेत, आल्यावर देतो.’ सरकारी परवान्याचे पैसे कुणाच्या खाजगी यूपीआयवर जात नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

शनिवारी पहाटे निघालो, भुईबावडा घाट उतरून, तळेऱ्याहून आत. दुपारी तीनला त्याने पाठवलेल्या जागेवर पोचलो. तिथे एक पडीक कलमाची बाग होती आणि दगडी गडग्याला टेकवलेली सायकल. सायकलवाला म्हणाला, ‘या महिन्यात तुम्ही तिसरे.’

फोन मात्र पेजवाल्याने पहिल्या रिंगला उचलला. डबल बुकिंग झालं, माफ करा, आधी डिपॉझिट आणि परवान्याचे ७,१०० परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा. मी केला. पिन टाकला. ७,१०० गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आठ-नऊ तासांची गाडी चालवून झालेली, आईचे पाय सुजलेले, मुलं भुकेली, आणि आपण फसलोय ही गोष्ट मला काहीही करून खोटी ठरवायची होती. अशा वेळी फोन बायकोच्या हातात द्या. खरंच द्या.

रात्री लॉजवर ४,२०० मोडले, ते वेगळेच. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी फोन केला तो रविवारी सकाळी. शनिवारी तीन वाजून दहा मिनिटांनीच करायला हवा होता. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात.

पोलिसांचं काय सांगू. तिथल्या चौकीत म्हणाले, पैसे पुण्याच्या खात्यातून गेलेत, पुण्यात द्या. पुण्यात म्हणाले, प्रकार तिकडे घडला, तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यायला हवी. मी हे बोललो तर समोरचा म्हणाला, ‘तुम्ही वकील आहात का?’ पाच चकरा मारल्या. एकदा तर दोन तास बाकड्यावर बसवून ‘साहेब राउंडला गेले’ म्हणून परत पाठवलं. बँक म्हणते एफआयआरची प्रत आणा, चौकी म्हणते बँकेचं पत्र आणा. बँकेतल्या बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, ‘पण पिन तुम्हीच टाकलात ना?’ हो, मीच टाकला. म्हणून ज्याने घेतले तो चोर नाही का? पैसे ज्या खात्यात गेले त्याचा नंबर, नाव, वेळ, सगळं माझ्याकडे आहे. ते बघायची कुणाला इच्छा नाही.

घराचे फोटोही तिथले नव्हते. मुलाने गुगल लेन्सवर टाकले तेव्हा केरळच्या एका रिसॉर्टचे निघाले. हे बुकिंगच्या आधी दोन मिनिटांत झालं असतं. बुकिंगआधी व्हिडिओ कॉल लावा आणि घरातून जेटीपर्यंत चालत दाखवायला सांगा. गावातल्या दुकानदाराचा नंबर शोधून घराबद्दल विचारा. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत घर नोंदलेलं आहे का ते बघा. आणि भरती किती वाजता, हे तारीख सांगून विचारा.

रविवारी सकाळी सहाला आई मला जेटीवर घेऊन गेली. चंद्र मावळतीला होता. होड्या कुशीवर कललेल्या, चिखलात निवटे मासे उड्या मारत होते, एक तुतवार पक्षी शेपूट हलवत फिरत होता. पाणी लांब, मधल्या पट्ट्यापुरतं. आई काही बोलली नाही.

पेज मी तीनदा रिपोर्ट केलं. ‘नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’ असं उत्तर आलं. परवा बघितलं तर नाव बदललंय, फोटो तेच. खाली लिहिलंय: पौर्णिमा स्पेशल, सकाळी ६ ला फुल भरती.