डेटम बदलताना: हेल्मर्टचे सात आकडे की ग्रिड शिफ्ट फाइल?

जुन्या सर्वेक्षणाचे निर्देशांक नव्या डेटमवर (स्थान मोजण्याच्या पायाभूत चौकटीवर) न्यायचे तर मुख्य मार्ग तीन: तीन पॅरामीटर (फक्त तीन सरकवण्या), सात पॅरामीटर म्हणजे हेल्मर्ट, आणि ग्रिड शिफ्ट फाइल (जाळीच्या प्रत्येक गाठीवर किती सरकवायचं ते देणारी). त्या भागाची अधिकृत ग्रिड उपलब्ध असेल आणि चूक मीटरच्या आत ठेवायची असेल, तर ग्रिडच घ्यावी. मात्र काही ठिकाणी तिची गरज नसते, आणि काही वेळा ती वापरली असं वाटतं पण वापरली गेलेलीच नसते.

हेल्मर्ट अख्खं जाळं एकसंध ठोकळा धरतो: तीन सरकवण्या, तीन वळणं, एक प्रमाण. जुनी त्रिकोणजाळी तशी नसतात. कोन आणि पायारेषा मोजताना झालेल्या चुका साचत गेल्याने ती जागोजागी वेगवेगळी ताणलेली असतात, आणि सात आकड्यांत ते मावत नाही. ब्रिटनच्या ओएसजीबी36 या राष्ट्रीय डेटमसाठी एकच हेल्मर्ट देशभर लावला तर काही ठिकाणी चूक काही मीटरपर्यंत जाते. तिथे 1 किमी अंतराची ओएसटीएन15 ग्रिड आहे आणि आता ओएसजीबी36 ची व्याख्याच तिच्यावरून होते. त्यामुळे अचूक कामात निवडीचा प्रश्नच उरत नाही.

ऑस्ट्रेलियात चित्र उलटं. जीडीए94 आणि जीडीए2020 दोन्ही आधुनिक डेटम, त्यांच्यातलं अंतर सुमारे 1.8 मीटर, तेही मुख्यतः भूपट्टाच्या सरकण्यामुळे. इथे सात पॅरामीटर आणि ‘कन्फॉर्मल’ (फक्त एकसंध बदल धरणारी) ग्रिड व्यवहारात एकच उत्तर देतात. ‘कन्फॉर्मल आणि डिस्टॉर्शन’ ही दुसरी ग्रिड मात्र स्थानिक विकृतीही धरते. निर्देशांक जुन्या जमिनीवरच्या खुणांवरून आले असतील तर ती लावा. थेट जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान मोजणाऱ्या) केंद्रांवरून आले असतील तर लावू नका, नाहीतर नसलेली विकृती डेटात शिरते.

तीन पॅरामीटर टाकाऊ नाहीत. 1:50,000 च्या कागदी नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 मीटर. अशा नकाशावरून उतरवलेल्या बिंदूंना सेंटिमीटरची ग्रिड लावून हाती काही लागत नाही.

हेल्मर्टचा मोठा धोका चिन्हांत आहे. ‘पोझिशन व्हेक्टर’ आणि ‘को-ऑर्डिनेट फ्रेम’ या दोन संकेतांत वळणांची चिन्हं उलट असतात. वळण कोनाच्या एका सेकंदाने (अंशाच्या 3600 व्या भागाने) चुकलं तर बिंदू सुमारे 31 मीटरपर्यंत सरकतो; उलट्या चिन्हाने चूक दुप्पट होते. आकडे उतरवताना संकेताचं नाव सोबत लिहाच.

ग्रिडमध्ये बिंदूभोवतीच्या चार गाठींवरून बहुधा द्विरेषीय पद्धतीने (अंतराच्या प्रमाणात भार देऊन) सरक काढली जाते. कॅनडातून आलेल्या एनटीव्ही2 प्रकारच्या ग्रिड फाइलमध्ये सरक कोनाच्या सेकंदांत असते आणि रेखांश पश्चिमेकडे धन. स्वतः कोड लिहिणारा इथे हमखास अडखळतो. उपग्रिड असतील तर बिंदूला लागू होणारी सगळ्यात बारीक ग्रिड निवडावी लागते. ही फाइल उंचीला हात लावत नाही, तर हेल्मर्ट इलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची) उंचीही बदलतो. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी जिऑइडची (सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठाची) वेगळी ग्रिड लागते. फाइलच्या प्रकारात, जुन्या सॉफ्टवेअरसाठी एनटीव्ही2 घ्या. प्रोज (निर्देशांक बदलणारं मुक्त सॉफ्टवेअर) 7 किंवा पुढचं असेल तर जिओटिफ ग्रिड बरी, कारण ती आकाराने आटोपशीर असते आणि नेटवरून हवा तेवढाच तुकडा आणता येतो.

आता खरी गोम. ग्रिड फाइल सापडली नाही तर प्रोज अनेकदा थांबत नाही. ते कमी अचूकतेचा मार्ग घेतं, आणि तोही नसेल तर ‘बॉलपार्क’ म्हणजे डेटमचा फरकच शून्य धरतं. उत्तर अमेरिकेच्या जुन्या एनएडी27 डेटमवरून नव्या एनएडी83 वर जाताना यामुळे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दहापासून शंभर मीटरपर्यंत चूक होऊ शकते. म्हणून आधी प्रोजइन्फोला (प्रोजसोबतच्या माहिती देणाऱ्या आज्ञेला) दोन्ही ईपीएसजी क्रमांक (निर्देशांक पद्धतींचे प्रमाणित क्रमांक) द्या: ते उपलब्ध मार्ग, प्रत्येकाची अचूकता, लागू क्षेत्र आणि गहाळ फाइल दाखवतं. फाइल प्रोजसिंक या आज्ञेने उतरवा. पायप्रोजमध्ये (पायथनमधून प्रोज वापरायच्या साधनात) ‘ओन्ली बेस्ट’ चालू केलं की ग्रिडअभावी गुपचूप दुसरा मार्ग न घेता त्रुटी येते.

पडताळणीला बिंदू नव्या डेटमवर नेऊन परत जुन्यावर आणून पाहणं पुरेसं नाही. बॉलपार्कही तंतोतंत परत येतो. दोन्ही डेटममध्ये प्रसिद्ध झालेले निर्देशांक असलेला नियंत्रण बिंदू घ्या, शक्य तर क्षेत्राच्या कडेला एक आणि मध्ये एक. चूक हजारो किलोमीटरची आली तर अक्षांश-रेखांशाचा क्रम तपासा, ईपीएसजी 4326 (जीपीएसची डब्ल्यूजीएस84 पद्धत) मध्ये अक्षांश पहिला असतो. काही मीटरची आली तर ग्रिडऐवजी हेल्मर्ट चालल्याचा संशय घ्या.

डेटा पूर्वी कुणी हेल्मर्टने बदलला असेल, तर त्यावर थेट ग्रिड चढवू नका. त्याच पॅरामीटरनी आधी मूळ डेटमवर आणा, मग ग्रिड लावा. ते पॅरामीटर कुठेच नोंदलेले नसतील तर मूळ फाइल शोधलेली बरी.