शनिवारी रात्री कोणता लावायचा: ‘द लंचबॉक्स’ की ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’?

एका मैत्रिणीचा फोन आला. मुलाला जर्मनीत नोकरी लागली आहे, व्हिसाचं काम चालू आहे आणि घरात सगळे एकमेकांशी जरा जपूनच बोलतायत. शनिवारी सासूबाईंसकट सगळ्यांनी मिळून एखादा सिनेमा बघायचा असं ठरलंय. यादी गाळत गाळत दोन नावांवर आलीय. “यातला कुठला लावू?” मी पटकन ‘लंचबॉक्स’ म्हणून मोकळी झाले आणि फोन ठेवल्यावर वाटलं, इतक्या घाईने सांगायला नको होतं. दोन्ही सिनेमे मी एकाहून जास्त वेळा पाहिलेत, आणि ज्या घरातून कोणी बाहेर निघालंय त्या घराला या दोघांतला फरक चांगलाच जाणवणार आहे. म्हणून आता सवडीने लिहिते.

आधी सरळ व्यवहाराचं. रितेश बत्रांचा ‘द लंचबॉक्स’ 2013 चा. पावणेदोन तासांच्या आत संपतो, भाषा हिंदी, अधूनमधून इंग्रजी. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ 2024 चा, जवळजवळ दोन तासांचा. त्याला 2024 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. तो निखळ हिंदी नाही: त्यातल्या केरळच्या नर्स आपसात मल्याळममध्ये बोलतात, कामावर हिंदी चालते आणि हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती आली की मराठी कानावर पडते. म्हणजे बराच वेळ खालच्या ओळी वाचत बघावं लागतं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर निम्मा निर्णय इथेच झाला. शिवाय त्यात मोठ्यांसाठीचे एक-दोन प्रसंग आहेत. ते सुंदर आहेत, पण तीन पिढ्या एका सोफ्यावर असल्या की कोणीतरी पाणी प्यायला उठणारच.

आता मुद्द्याचं. दोन्हीकडे एकमेकांना न ओळखणारी, किंवा एका छपराखाली राहूनही नीट न ओळखणारी माणसं आहेत. दोन्हीकडे मुंबई आहे, आणि दोन्हीकडे गोष्ट सुरू होते ती येऊन पोचलेल्या एका वस्तूमुळे. एकीकडे डबा चुकीच्या माणसाच्या टेबलावर पोचतो. दुसरीकडे भात शिजवायचा कुकर बरोबर पत्त्यावर येतो, पण पाठवणाऱ्याचं नाव नसतं.

‘लंचबॉक्स’मधली इला नवऱ्याचं लक्ष परत आपल्याकडे वळावं म्हणून मन लावून डबा करते. तो जातो साजन फर्नांडिसकडे, सरकारी ऑफिसात क्लेम तपासण्यात आयुष्य घालवलेल्या, रिटायरमेंटला टेकलेल्या विधुराकडे. डबा रिकामा, चाटूनपुसून परत येतो आणि तिला कळतं की हा आपल्या नवऱ्याने खाल्लेला नाही. ती चिठ्ठी ठेवते. पहिल्या उत्तरात साजन कौतुक करत नाही. आज जेवण फार खारट होतं, एवढंच लिहितो. इरफान खान यांनी हा माणूस असा उभा केलाय की त्याने डब्याचं झाकण उघडून नुसता वास घेतला तरी आपण पुढे सरकून बसतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी आपल्याला कधीच दिसत नाहीत. खिडकीतून खाली येणारी टोपली आणि भारती आचरेकरांचा आवाज, एवढंच. मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकताच त्या स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे कुठे असतील तेसुद्धा दिसतं.

यातली परदेशाची आस अगदी हलक्या पावलांनी येते. इला लिहिते की भूतानमध्ये लोकांचं सुख मोजतात, आणि आपला एक रुपया तिथे पाच रुपयांसारखा चालतो. (खरं म्हणजे भूतानचं चलन आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे, एकास एक.) पण मला तो हिशेब फार खरा वाटतो. निघायची इच्छा झालेला माणूस असेच हिशेब करतो. गळ्यातलं विकलं तर किती येतील, त्यात किती दिवस निघतील, तिथे भाजीपाला स्वस्त असेल का. साजनची जाण्याची जागा नाशिक. आणि नवाजुद्दीन सिद्दिकींचा शेख हा सौदीत काम करून आलेला अनाथ पोरगा. लोकलमध्ये ऑफिसच्या फायलीवर भाजी चिरतो आणि मग फायलींना भाजीचा वास येतो. एक गेलेला आणि परतलेला, एक जावं का म्हणणारी, एक इथेच पण मनाने कधीच निघून गेलेला. तिघांचे धागे दिग्दर्शकाने कुठेही ओढून बांधलेले नाहीत.

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. साजन स्वतःसाठी कबरीची जागा बघतो. बायकोला आडवी जागा मिळाली होती. आता त्याला उभी देऊ करतात. आयुष्यभर बसमध्ये, ट्रेनमध्ये उभ्याने प्रवास केला, आता मेल्यावरही उभंच राहायचं, असं तो इलाला कळवतो. मुंबई सोडावीशी का वाटते याचं याहून नेमकं कारण मी हिंदी पडद्यावर ऐकलेलं नाही.

तरीही हा सिनेमा उबदार आहे. त्यात जाणं म्हणजे एक उघडी खिडकी आहे. ती उघडली जाते की नाही ते मी सांगत नाही. डबेवाल्यांनी लोकलच्या डब्यात धरलेल्या भजनाने घर भरून जातं एवढं सांगते. हे डबेवालेही मावळ, खेड, जुन्नरकडून आलेले. गाव सोडून शहरात पोट भरायला आलेल्या माणसांच्या खांद्यावरून ही सगळी गोष्ट चालते, आणि सिनेमा ते बोलून दाखवत नाही.

दुसऱ्या सिनेमाकडे वळताना मला थोडं थांबावं लागतं, कारण तो माझ्या गावापर्यंत येतो.

प्रभा मुंबईतल्या हॉस्पिटलात नर्स आहे, केरळची. लग्न घरच्यांनी ठरवलेलं. लग्न झालं आणि नवरा जर्मनीला गेला. आधी फोन यायचे, मग बोलायचं सरत गेलं, आता वर्षाहून जास्त काळ फोनच नाही. ती रडत नाही, कोणाला सांगत नाही, ड्युटीवर जाते. आणि एक दिवस पार्सलमधून तो लाल कुकर येतो, जर्मनीत बनलेला. चिठ्ठी नाही, नाव नाही. रात्री, बरोबर राहणारी अनू झोपल्यावर, प्रभा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. प्रभा झालेल्या कनी कुसृती यांचा चेहरा तेव्हा नीट दिसतही नाही. पाठ, हात आणि ते लाल भांडं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. त्यांचे यजमान कुवेतला होते. तिथून आलेला मिक्सर त्यांनी कितीतरी वर्षं वापरला नाही, वर क्रोशाचं झाकण घालून ठेवला. आम्ही मुलं त्याला हात लावायला गेलो की त्या ओरडत. त्यांनी तो जपून का ठेवला होता ते मला चाळिशी ओलांडल्यावर, या सिनेमात कळलं.

अनू (अभिनेत्री दिव्या प्रभा) तरुण आहे आणि तिचा शियाझ मुसलमान, म्हणून दोघांना या अफाट शहरात बसायला जागा नाही. तिची गोष्ट गोड आहे, पण मला ती तुलनेने ओळखीची वाटली. एक मल्याळी डॉक्टर प्रभासाठी कविता लिहितो. त्याला हिंदी जमत नाही आणि इथे राहावं की परत जावं ते ठरत नाही. त्याचे प्रसंग दोन-तीनच आहेत, पण त्या बुजऱ्या माणसाची चालसुद्धा लक्षात राहते.

आणि पार्वती. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी ही बाई छाया कदम यांनी केलीय. नवरा गेलेला. बिल्डरला तिची खोली पाडायची आहे आणि तिच्या हातात कागद नाहीत. कागद नाहीत म्हणजे इतकी वर्षं आपण इथे होतो याचाच पुरावा नाही. शेवटी ती गाशा गुंडाळून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघते. प्रभा आणि अनू तिला पोचवायला जातात, आणि पावसाळी निळ्या मुंबईतून सिनेमा कोकणच्या उन्हात, समुद्रावर येतो.

आम्हा कोकणातल्यांचं पहिलं परदेश मुंबईच. घरटी एक चाकरमानी, गिरणीत नाहीतर गोदीत, आणि गावातलं घर मनीऑर्डरवर चालायचं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि कितीतरी जण सामान बांधून गावी आले ते कायमचेच. नंतरची पिढी दुबई-कुवेतकडे वळली. पार्वतीचं सामान गावच्या घरात येतं तेव्हा मला हे सगळं मागे उभं दिसत होतं. जाणाऱ्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. परत येणारीला कोणी काही विचारत नाही, आणि छाया कदम ते न विचारलेलं सगळं अंगावर घेऊन वावरतात, कुठेही बिच्चारी न होता.

समुद्रावर प्रभाचं पुढे काय होतं ते वळण विलक्षण आहे. तिथे काही जणांना ‘हे खरं की भास?’ असं होतं. ज्यांना प्रत्येक गोष्टीचा उलगडा लागतो त्यांची थोडी चिडचिड होईल. मला तो सिनेमाचा सर्वात धाडसी भाग वाटतो.

कोणी ‘धोबी घाट’चंही नाव घेईल. किरण राव यांचा तो सिनेमाही चार आयुष्यं मुंबईत एकमेकांना घासून जातात त्याचा आहे, आणि त्यातल्या यास्मिनच्या व्हिडिओ-चिठ्ठ्या अजून मनात आहेत. पण त्यातल्या सगळ्या वाटा मुंबईतच येऊन थांबतात, म्हणून या घरासाठी तो आज नको.

मला स्वतःला एकच ठेवायचा झाला तर मी ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ ठेवेन. ‘लंचबॉक्स’ जास्त रेखीव आहे, जास्त लोकांना आवडेल, आणि इरफान गेल्यावर तो पुन्हा पाहताना घशात काहीतरी अडकतंच. पण त्यात जाणं अजून घडायचं आहे. दुसऱ्यात ते घडून गेलंय आणि मागे राहिलेलीला रोज कामावर जायचंय. एवढ्या जवळून तिच्याकडे बघणारे सिनेमे आपल्याकडे मोजकेच.

काल मैत्रिणीला परत फोन केला. म्हटलं, शनिवारी ‘लंचबॉक्स’च लाव. मुलगा जवळ बसलेला असताना तोच बरा. जेवणं आधी उरकू नका, ताटं घेऊनच बसा, कारण पहिल्या दहा मिनिटांत भूक लागते. दुसरा सिनेमा मुलगा गेल्यावर बघ, एकटीने बसू नकोस. फोन कर, मी येते.