सायफन जलसेतूचं चालतं मॉडेल : नारायण पेठेतल्या वर्कशॉपबद्दल

मी डिप्लोमाच्या मुलांना सिंचन शिकवते. कालवा ओढा ओलांडतो तिथली बांधकामं मुलं आकृत्या पाठ करून सोडवतात, पण पाणी कशावरून आणि कशाखालून जातं ते विचारलं की वर्ग गप्प. म्हणून नारायण पेठेतल्या एका मॉडेल बनवणाऱ्या काकांकडून सायफन जलसेतू (वरून कालवा, खालून बंद मार्गातून दाबाने जाणारा ओढा) करून घेतला, अ‍ॅक्रिलिकचा, दोन छोट्या पंपांसकट. साडेनऊ हजार लागले. पैसे वसूल!

काका एरवी बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल्स करतात. तरी माझी आकृती बघून त्यांनी आधी हेच विचारलं, "मॅडम, ओढ्याचा पूर कालव्याच्या तळाच्या वर चढतो का?" सगळं त्यावरच ठरतं. पूर तळाच्या बराच खाली राहत असेल तर साधा जलसेतू पुरतो. वर चढत असेल तर ओढ्याचा तळ खाली उतरवून त्याचं पाणी बॅरलमधून, म्हणजे कालव्याखालच्या बंद मार्गातून, दाबाने काढावं लागतं; हाच सायफन जलसेतू.

बॅरलचं छत मी मुद्दाम सुटं ठेवायला सांगितलं होतं. त्यांनी ते रबराच्या पट्टीवर अलगद टेकवून दिलं. कालवा भरलेला असेल तर ते हलत नाही. कालवा रिकामा करून ओढ्याला पूर आणला की खालच्या दाबाने उचललं जातं. छत फक्त वरचं पाणी पेलतं असं समजणारी मुलं त्या क्षणी पुढे सरकली आणि छताच्या जाडीचा, ते खाली धरून ठेवणाऱ्या अँकरचा हिशेब स्वतःहून विचारू लागली. मला एवढंच हवं होतं.

उणीव एक आहे, आणि ती मोठी आहे. बॅरल सर्वांत खाली, त्यामुळे गाळ तिथेच बसतो. बारीक वाळू सोडून तेही दाखवता येतं, पण साफ करायला झाकणच ठेवलेलं नाही. कामही उशिरा मिळालं, कारण गणपतीच्या आधी तिथे देखाव्यांची गर्दी असते.

पुढच्या वर्षी सुपर पॅसेज (ओढा कालव्याच्या वरून) आणि लेव्हल क्रॉसिंग (दोन्ही एकाच पातळीवर) करून घेणार आहे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावर हरिद्वार ते रुरकीच्या पट्ट्यात हे सगळं एकापाठोपाठ आहे : रानीपूर आणि पथरीला ओढे कालव्याच्या वरून जातात, धनौरीला दोन्ही एकाच पातळीवर भेटतात आणि सोलानी नदीवरून कालवा जातो. ही तीन मॉडेल्स शेजारी मांडली तर फळ्यावर फारसं काही काढावं लागणार नाही.

ऑर्डर दिवाळीनंतर द्या. तळ आणि पूर, दोन्हींच्या पातळ्या लिहिलेली आकृती सोबत न्या, आणि झाकण आधीच सांगा.