बॉटनीत पीएच.डी.: गहू, रानफुलं की जळके दाणे?

एम.एस्सी. बॉटनी झालं, नेट निघाली, आता गाईड शोधायचाय. विभागाच्या यादीत प्राध्यापकांच्या नावापुढे 'रिसर्च इंटरेस्ट'च्या दोन ओळी असतात. त्या वाचताना विषय आवडतो का एवढंच बघू नका. त्या कामात आपलं वर्ष कसं जाईल, तेही बघा.

'गव्हाची पैदास' असं लिहिलेलं दिसलं, तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था डोळ्यांपुढे आणा. १९४६ साली सुरू झालेल्या या संस्थेचं प्रक्षेत्र बारामती तालुक्यात होळ इथे आहे. एमएसीएस ६४७८ हा तांबेरा रोगाला दाद न देणारा, ११० दिवसांत तयार होणारा वाण त्यांचाच. इथे विषय बहुधा गाईडच्या चालू प्रकल्पातून येतो. बियाणं, वाफे, मजूर सगळं तयार असतं. पण गहू रब्बीचा, वर्षातून एकदाच येतो, आणि संकरानंतर वाण स्थिर व्हायला पाच-सहा पिढ्या लागतात. म्हणजे अख्खा वाण तुमच्या प्रबंधात मावत नाही, त्यातला एखादा गुण तुमच्या वाट्याला येतो. कामाची घडी बसलेली हवी असेल आणि पुढे बियाण्यांच्या क्षेत्रात जायचं असेल, तर हे निवडा.

रानफुलांचं वर्गीकरण ही माझी वाट, त्यामुळे इथे थोडा पक्षपात होणार. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांवर, म्हणजे कंदिलासारखी नळीदार फुलं येणाऱ्या रानवनस्पतींवर, मोठं काम झालं. यातल्या कित्येक जाती सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत. इथे विषय तुम्हालाच घडवावा लागतो आणि वेळापत्रक पाऊस ठरवतो. पहिल्या पावसाळ्यात एका कड्यावर मी आठ दिवस उशिरा पोचलो. वेलीवर फूल एकही नव्हतं, नुसत्या बारीक जोडशेंगा. फुलाशिवाय जात ठरेना, वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी ऑगस्टात पुन्हा चढलो, तेव्हा हिरवट नळीचं एकच फूल उमललेलं होतं आणि आत एक चिमुकली माशी अडकलेली होती. ते फूल भिंगाखाली उघडताना झालेला आनंद मला कुठल्याच प्रयोगशाळेत मिळाला नाही. मात्र प्रवासखर्च बराचसा खिशातून होतो आणि नोकऱ्या मोजक्या आहेत. घरची ओढाताण असेल तर फेलोशिप हातात आल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

तिसरा पर्याय बॉटनीवाल्यांच्या सहसा ध्यानातच येत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या जोडीने प्राचीन वनस्पतींचा अभ्यास चालतो. घोड नदीकाठच्या इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ चाललं. तिथल्या जळक्या दाण्यांवरून कळलं, की तीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक मुख्यतः जव पिकवत. उत्खननातली माती पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगतात. ते गाळायचे, सावलीत वाळवायचे आणि आजच्या दाण्यांशी ताडून बघायचे. बैठकीचं, डोळ्यांची परीक्षा बघणारं काम. नमुने आधीच साठवलेले असतील, तर पावसाची वाट बघावी लागत नाही. फक्त पदवी कोणत्या विषयातली मिळणार, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. पुरातत्त्वाची असेल तर बॉटनीच्या प्राध्यापकपदासाठी ती आडवी येऊ शकते.

विषय कोणताही असो, जागा मोजून असतात. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. विषय जुळतोय म्हणून हुरळण्याआधी जागा आहे का, ते विचारा.

आणि भेटायला हंगाम बघून जा. गव्हाच्या गाईडला फेब्रुवारीत गाठा, तेव्हा शेतात ओंब्या उभ्या असतात आणि कामही दिसतं. रानफुलांवाल्यांना मेमध्येच लिहा. सप्टेंबरात ते कुठल्यातरी सड्यावर असतात आणि फोनला रेंज नसते.