नव्या विहिरीवर सौर पंप की दिवसाची लाइट?

नव्या विहिरीला पाणी लागलं की भावकीतलं कोणी ना कोणी विचारतंच: सौर पंप घेऊ, की कोटेशन भरून लाइटच्या कनेक्शनची वाट बघू? माझ्या जुन्या विहिरीवर लाइटची मोटर आहे, खालच्या वावरात सौर. दोन्ही 5 एचपी.

बिलाचं सोडा. 2024 पासून 7.5 एचपीपर्यंत बिल माफ आहे, आणि सौरलाही आपला हिस्सा 10 टक्केच.

रात्रीचं भय मात्र खरं होतं. लाइट पाळीपाळीने यायची, दिवसा 8 तास, नाहीतर रात्री 10 तास. शेजारच्या उसात बिबट्या आणि आपण बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायची. सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्राजवळ प्रकल्प उभा राहिला, तशी आमच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडे येणाऱ्या लाइनला, दिवसा लाइट आली. शेतीचा भार उन्हाच्या वेळेवर गेला. संध्याकाळी गावात दिवे-पंखे लागतात तेव्हा पंप बंद असतात. चांगलंच झालं.

माझं दुखणं ऑटोस्विचचं, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या स्विचचं. लाइट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात, आणि उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, स्टार्टर पडतो, कधी डीपीच जळते. आधी हे मध्यरात्री व्हायचं, आता सकाळी होतं. गेल्या रब्बीत कांदा ऐन फुगवणीला असताना डीपी गेली. वर्गणी काढली, फेऱ्या मारल्या; दुसरी बसेपर्यंत 12 दिवस गेले. निम्मा कांदा गोल्टीत, म्हणजे बारक्या मालात गेला.

खालच्या वावरात तेव्हा पाणी चालूच होतं. सौरचेही नखरे आहेत म्हणा. सकाळी 9 च्या आत जोर नसतो, ढग आला की धार बारीक होते, पॅनेल धुवावे लागतात. पण ठिबकला पुरतं, आणि शेजाऱ्याच्या स्टार्टरच्या पेटीत काय बसवलंय याच्याशी देणंघेणं नाही. नदीवरून लांबची पाइपलाइन किंवा मोठा ऊस असेल, तर मीही कदाचित लाइटच घेतली असती.

लाइटच घ्यायची असेल तर कोटेशन भरण्याआधी डीपीवरच्या पेट्या बघून या. आमच्याकडे 11 मोटरी, त्यातल्या 9 ऑटोस्विचवर, व्होल्टेज सावरणारा कपॅसिटर दोघांनाच. त्या 9 मधला एक माझा. अजून काढलेला नाही.